ऑनलाइन लिलावातील खोटी नाणी : पारख, कायदा आणि दक्षता

मराठेशाहीच्या काळात गावगाड्यात पोतदार नावाचा एक वतनदार असे. वसुलीचा पैसा चावडीवर जमा होऊ लागला की नाणी त्याच्या हातून जात. नाणे दगडावर वाजवून त्याचा आवाज ऐकणे, कड चाचपून पाहणे, शंका आल्यास कस लावणे हे त्याचे काम. बहुधा गावचा सोनारच ते सांभाळी. त्या काळी अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत, प्रत्येकाचा बट्टा वेगळा असे आणि सामान्य रयतेला त्यातील भेद कळणे कठीण होते. म्हणून देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक पारखी बसविण्याची व्यवस्था समाजाने केली होती. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग आज आपण माणसांविषयीही करतो, त्याच्या मुळाशी हीच पारख आहे.

आज जुन्या नाण्यांचा एक मोठा बाजार चावडीवर किंवा सराफकट्ट्यावर न भरता मोबाईलच्या पडद्यावर भरतो. नाशिकचा विक्रेता, कोलकात्याचा ग्राहक आणि मध्ये केवळ एक छायाचित्र, असा हा व्यवहार आहे. नाणे हाताळता येत नाही, वाजविता येत नाही, तोलता येत नाही. पोतदाराची जागा मात्र रिकामीच आहे. या रिकाम्या जागेत जी लबाडी शिरली आहे तिचे स्वरूप काय, तिला आळा घालण्याचे कोणते प्रयत्न झाले, आपले कायदे काय सांगतात आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑनलाइन लिलावाची पद्धत

१९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'ईबे' या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. विक्रेत्याने वस्तूचे छायाचित्र व वर्णन मांडावे, ठरावीक मुदतीत इच्छुकांनी बोली लावावी आणि सर्वाधिक बोलीस वस्तू विकली जावी, अशी ही साधी योजना होती. नाणी, टपालतिकिटे, जुनी पदके या वस्तू लहान, टपालाने पाठविण्यास सोप्या आणि हौशी माणसांना प्रिय असल्याने या बाजारात त्यांना प्रथमपासून महत्त्वाचे स्थान मिळाले. भारतात 'बाझी' हे असेच संकेतस्थळ होते. २००४ साली ते ईबेने विकत घेतले. ईबेची भारतातील शाखा २०१८ साली बंद झाली. पण तोपर्यंत पद्धत रुळली होती. आज अनेक विक्री-संकेतस्थळे, जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची पाने आणि समाजमाध्यमांवरील गट यांतून नाण्यांची खरेदी-विक्री चालते.

या बाजाराने चांगले कार्य केले नाही असे नाही. खेड्यातील एखाद्या शिक्षकाला पूर्वी वर्षानुवर्षे शोधूनही न मिळणारे नाणे आता घरबसल्या पाहता येते. प्रामाणिक व्यापारी नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे आणि परत घेण्याची हमी देतात. तथापि प्रामाणिक माणसासाठी जो दरवाजा उघडतो, त्यातूनच अप्रामाणिक माणूसही आत येतो.

फसवणुकीचे प्रकार

या फसवणुकीचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गात विकत घेणारा फसतो, दुसऱ्यात विकू पाहणारा.

पहिल्या वर्गातील सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे नकली नाणे खरे म्हणून विकणे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाचे उदाहरण घ्यावे. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे नाणे अत्यंत दुर्मीळ आहे. महाराष्ट्राला त्याविषयी जो जिव्हाळा आहे त्याचाच गैरफायदा घेऊन होनाच्या नकला विकल्या जातात. शोभेची प्रतिकृती म्हणून तिची विक्री करण्यात गैर काही नाही. ती अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

दुसरा प्रकार अधिक विचित्र आहे. यात जे नाणे कधी अस्तित्वातच नव्हते तेच विकले जाते. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान यांच्या आकृती आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल असलेले तांब्या-पितळेचे तुकडे 'कंपनी सरकारचे चमत्कारी नाणे' म्हणून विकले जातात. कंपनीच्या टांकसाळीने असे नाणे पाडलेले नाही. हे तुकडे पुढील काळात यात्रा-जत्रांत विकण्यासाठी कोणी तरी बनविले. ते तांदूळ ओढतात, घरात धन आणतात अशा कथा त्यांना चिकटविल्या जातात आणि श्रद्धाळू कुटुंबे आपली बचत त्यात घालवितात.

तिसऱ्या प्रकारात नाणे खरे असते, पण त्यावरील साल किंवा टांकसाळीचे चिन्ह कोरून बदललेले असते. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे, म्हणून दुसऱ्या सालच्या रुपयावरील अंकात फेरफार करण्याचा मोह लबाडांना होतो. चौथ्या प्रकारात छायाचित्र एका नाण्याचे आणि पाठविलेले नाणे दुसरेच, असे घडते. अशी छायाचित्रे पुष्कळदा संग्रहालयाच्या किंवा नामांकित लिलावगृहाच्या सूचीतून उचललेली असतात. पाचवा प्रकार बोली फुगविण्याचा. विक्रेताच आपल्या साथीदारांकरवी, किंवा स्वतःच दुसऱ्या नावाने, बोली वाढवीत नेतो आणि खऱ्या ग्राहकाला चढाओढीत ओढतो.

दुसरा वर्ग मात्र आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. कारण त्यात नाणेसंग्राहक नव्हे, तर नाण्यांशी काहीही संबंध नसलेली सामान्य माणसे बळी पडतात. 'ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट आपल्याकडे आहे काय? लाखो रुपये मिळवा', 'माता वैष्णोदेवीचे नाणे द्या, दहा लाख घ्या' अशा जाहिराती मोबाईलवर येतात. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली भारत सरकारने पाच व दहा रुपयांची नाणी काढली, हे खरे. पण ही स्मारक नाणी चलनातलीच असून त्यांना लाखोंची किंमत येण्याचे काही कारण नाही.

समजा, एका शेतकरी कुटुंबात असे नाणे निघाले. मुलीचे लग्न तोंडावर आहे, कर्जाचा हप्ता थकला आहे. जाहिरातीतील क्रमांकावर दूरध्वनी केला की पलीकडचा माणूस नाण्याचे छायाचित्र मागवितो आणि 'साडेचार लाख मंजूर' असे कळवितो. त्यानंतर नोंदणी शुल्क म्हणून थोडी रक्कम मागतो. ती भरली की वस्तू व सेवा कर, मग 'रिझर्व्ह बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र', मग विमा, मग पैसे घेऊन निघालेल्या गाडीचा खर्च. प्रत्येक वेळी शिक्का मारलेले पत्र येते. साडेचार लाख मिळणारच आहेत, मग आणखी पाच हजारांसाठी माघार का घ्यावी, या विचाराने कुटुंब उसनवारी करते. पैसे कधीच येत नाहीत. नाणे घरातच राहते आणि घरातील पैसा गेलेला असतो. पुष्कळ जण लाजेपोटी ही गोष्ट शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, आणि त्यामुळे शेजारीही त्याच जाळ्यात सापडतो.

यास्तव एक गोष्ट प्रत्येक गावात स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून कळविले आहे की, जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीच्या अशा व्यवहारांत बँक भाग घेत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि अन्य कोणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत. बँकेच्या नावाने व बोधचिन्हाने आलेले असे पत्र खोटे समजावे.

नाण्याची पारख

पारख करण्याची मूलतत्त्वे अवघड नाहीत. पूर्वी टांकसाळीत नाणे पाडले जाई, म्हणजे धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून तीवर जोरदार आघात केला जाई. नकली नाणे बरेचदा ओतलेले असते. अस्सल नाण्याचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओततात. ओतीव नाण्यावर भिंगातून पाहिल्यास बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट व साबणासारख्या गुळगुळीत वाटतात आणि काठावर साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा आढळतात. एकाच विक्रेत्याकडील दोन 'प्राचीन' नाण्यांवर तोच ओरखडा नेमक्या त्याच ठिकाणी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून आली हे उघड आहे.

वजन ही दुसरी कसोटी. ब्रिटिश अमदानीतील १८३५ पासूनचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. हे प्रमाण १९४० साली घटवून निम्म्यावर आणले गेले. वापराने झिजलेला रुपया थोडा हलका भरणे स्वाभाविक आहे. परंतु चांगल्या स्थितीतील रुपया दोन-अडीच ग्रॅमने कमी भरला तर तो संशयास्पद होय. लोहचुंबकाला चिकटणारा रुपया चांदीचा असू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी कसोटी आर्किमिडीजची. शाळेच्या प्रयोगशाळेत ती सहज करता येईल. सराफाच्या बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काट्यावरील आकडा शून्य करावा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असे धरावे. काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन होय. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. जुन्या चांदीच्या रुपयाची घनता सुमारे १०.३ येते, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा रुपया साधारणतः १.१३ ग्रॅम पाणी सारतो. तेवढ्याच वजनाचा मुलामा दिलेला पितळी रुपया सुमारे १.३७ ग्रॅम पाणी सारील. नकलाकाराने वजन जुळविले तर जाडी किंवा व्यास वाढतो, आकार जुळविला तर वजन घटते. ही त्याची खरी अडचण आहे.

अर्थात या कसोट्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. त्या खोटे उघडे पाडतात. खरेपण सिद्ध करीत नाहीत. खऱ्या चांदीतूनच नकली नाणे पाडले असेल तर वजन आणि घनता दोन्ही जुळतील. तेथे ठशांचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाचेच मत घ्यावे लागते. शिवाय ऑनलाइन बाजारात या कसोट्या खरेदीनंतरच करता येतात. म्हणून विक्रेत्याने वजन, व्यास आणि काठासह स्पष्ट छायाचित्रे देण्यास नकार दिला, तर तेथेच व्यवहार थांबविणे शहाणपणाचे.

अमेरिकेतील अनुभव

नकली नाण्यांच्या व्यापाराला आवर घालण्याचा प्रयत्न अमेरिकेत पुष्कळ आधी सुरू झाला. तेथे १९७३ साली छंदसंरक्षणाचा एक कायदा झाला. संग्राह्य नाण्याची नक्कल बनविणाऱ्याने वा आयात करणाऱ्याने तिच्यावर 'कॉपी' हा शब्द स्पष्ट व कायमस्वरूपी उमटविला पाहिजे, असे त्याने ठरविले. कायदा चांगला होता, पण तो मुख्यतः बनविणारा आणि आयात करणारा यांच्यापुरता होता. ऑनलाइन बाजार सुरू झाल्यावर परदेशात बनलेल्या नकला सुट्यासुट्या टपालाने येऊ लागल्या व हजारो लहान विक्रेत्यांच्या हातून फिरू लागल्या. डिसेंबर २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून विक्री करणारा आणि असा व्यापार चालतो हे ठाऊक असून त्याला भरीव साहाय्य करणारा यांनाही जबाबदार धरण्यात आले.

दरम्यान ईबेने आपल्या नियमांतही बदल केले. सुरुवातीस 'कॉपी' असा ठसा असलेल्या नकलांना तेथे मुभा होती. परंतु ठसा घासून काढणे सोपे, आणि छायाचित्रात तो लपविणे त्याहून सोपे. म्हणून २०१२ साली कंपनीने नकली नाण्यांची विक्रीच, ठसा असो वा नसो, बंद केली. अनुभवी नाणेसंग्राहकांनी संशयास्पद नोंदी शोधून कंपनीस कळवाव्यात अशीही व्यवस्था तेथे झाली. हे संग्राहक विनामूल्य काम करीत. ज्या कामासाठी कंपनीजवळ तज्ज्ञ पुरेसे नव्हते, ते जाणत्या हौशी माणसांनी अंगावर घेतले. म्हणजे एका अर्थाने पोतदाराची जागा समाजातीलच जाणकारांनी भरली.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. दुसऱ्याने केलेल्या फसवणुकीसाठी बाजार चालविणाऱ्यास कितपत जबाबदार धरावे? नाण्यांचा नसला तरी याच स्वरूपाचा एक खटला अमेरिकेत गाजला. टिफनी या दागिन्यांच्या पेढीने ईबेविरुद्ध दावा लावला होता. २०१० साली तेथील अपील न्यायालयाने असे ठरविले की, आपल्या बाजारात काही खोटा माल येतो एवढी ढोबळ जाणीव असणे जबाबदारी लादण्यास पुरेसे नाही. विशिष्ट नोंद खोटी आहे हे कळल्यावरही ती चालू ठेवली तर मात्र जबाबदारी येते. या निर्णयाचे मर्म व्यवहारात फार महत्त्वाचे आहे. बाजार चालविणाऱ्याला 'कळविणे' हीच जबाबदारीची पहिली पायरी ठरते. कोणी तक्रारच केली नाही तर त्याला हात वर करता येतात.

आपले कायदे

भारतातील घडामोडीही याच दिशेने गेल्या. २००४ साली एका आक्षेपार्ह नोंदीमुळे 'बाझी'च्या प्रमुखांना अटक झाली आणि मध्यस्थाच्या जबाबदारीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. २००८ सालच्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ ची नव्याने मांडणी झाली. त्यानुसार मध्यस्थाने योग्य ती दक्षता घेतली असेल तर त्याला संरक्षण मिळते; गैरकृत्यात त्याचा हात असेल, किंवा प्रत्यक्ष माहिती मिळूनही त्याने बेकायदा मजकूर हटविला नाही, तर ते संरक्षण जाते. 'प्रत्यक्ष माहिती' याचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात स्पष्ट केले. तरीही संकेतस्थळाकडे थेट तक्रार करण्याचे महत्त्व कमी होत नाही, कारण तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि तक्रारींची दखल घेणे हे नियमांनुसार बंधनकारक आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० या दृष्टीने उपयुक्त आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे हे तक्रार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. माल बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर व्यावसायिक विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. मात्र नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्यास हे नियम लागू नाहीत, ही त्यातील मर्यादा ग्राहकाने जाणून घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. विक्रेता परराज्यात असला तरी तेथे खेटे घालण्याची गरज नाही.

फौजदारी बाजू स्वतंत्र आहे. खोटे नाणे खरे म्हणून देऊन पैसे उकळणे ही फसवणूक होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ अन्वये, फसवून मालमत्ता देण्यास प्रवृत्त केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ड लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करणारा या कलमाच्या कक्षेत येतो. या अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो.

नाणे खरे असले तरी व्यवहार कायदेशीर असेलच असे नाही, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी जुने नसलेले नाणे ही पुरावस्तू आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही, आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही ती देशाबाहेर पाठविता येत नाही. शंभर वर्षांची ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. १९२० सालचा रुपयाही आता तिच्या आत आला आहे. परदेशी ग्राहकाला टपालाने नाणे पाठविणाऱ्याने हे विसरू नये.

जमिनीतून निघालेली नाणी

येथे पंचायत सदस्यांच्या व शेतकऱ्यांच्या निकट संबंधाचा विषय येतो. घराचा पाया खणताना, विहीर काढताना किंवा नांगरताना नाण्यांनी भरलेले मडके सापडते. पूर्वी अशी नाणी सराफाच्या मुशीत जात. आता ती एकेक करून मोबाईलवर विक्रीस निघण्याचा धोका आहे.

यात नुकसान काय होते, हे जोगळटेंभीच्या उदाहरणावरून समजेल. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. ती क्षत्रप राजा नहपान याची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा जो उल्लेख आहे, त्याला या साठ्याने खणखणीत पुरावा दिला. हा पुरावा एका नाण्यात नव्हता, साठ्यात होता. किती नाण्यांवर ठसा आहे, किती नाण्यांवर नाही, ती एकत्र कोठे पुरली होती, या सर्वांतून इतिहास उलगडला. तोच साठा तेरा हजार वेगवेगळ्या पाकिटांतून तेरा हजार ग्राहकांकडे गेला असता, तर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान कायमचे कोरे राहिले असते.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ यासाठीच आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा व तारीख यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, आणि निधी नजीकच्या शासकीय कोषागारात जमा केला पाहिजे किंवा तो हजर करण्याबद्दल जामीन दिला पाहिजे. सूचना न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण हा कायदा केवळ शिक्षेचा नाही. निधी बेवारस ठरल्यास आणि दोघांत वेगळा करार नसल्यास, त्याचा तीन-चतुर्थांश भाग सापडणाऱ्याचा व एक-चतुर्थांश जागामालकाचा, असे त्यात म्हटले आहे. शासनाने तो संपादन केल्यास धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. 'सरकारला कळविले तर सगळे जाईल' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. ती दूर करणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

तक्रार कशी करावी

पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा. रक्कम पुढील खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. त्याचबरोबर आपल्या बँकेस कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही या कारणावरून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुरावा जपण्याबाबत काही सूचना कराव्याशा वाटतात. नोंद हटविण्याची मागणी करण्यापूर्वी तिचा संपूर्ण पत्ता, क्रमांक, तारीख व वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. नोंद नाहीशी झाली की पुरावाही नाहीसा होतो. आलेले संदेश पुसून टाकू नयेत. पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा. नाणे ज्या पाकिटातून आले ते पाकीट, त्यावरील टपाल क्रमांकासह, जपून ठेवावे. नाणे घासू वा धुवू नये. ज्या मोबाईलमध्ये हा सर्व मजकूर आहे तो बदलू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यासाठी मूळ साधन उपलब्ध असणे हिताचे असते.

गावपातळीवरील कार्य

केवळ पोलिसांवर भार टाकून हा प्रश्न सुटणारा नाही. एक नोंद हटविली की तीच दुसऱ्या नावाने उगवते. यास्तव समाजातील जाणत्यांनीच पुढे आले पाहिजे.

शिक्षकांना येथे मोठा वाव आहे. घनतेचा प्रयोग जुन्या नाण्यावर करून दाखविल्यास विज्ञान आणि इतिहास यांचा एकत्र पाठ होईल. खिशातील नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे, हे मुलांना शोधू द्यावे. जी मुले नाणे वाचायला शिकतात ती घरातील मोठ्यांना फसू देत नाहीत. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे सहल नेता येईल. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे, तिचीही ओळख करून द्यावी.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या विषयासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. पैसे मिळविण्यासाठी कधीही आधी पैसे भरावे लागत नाहीत, आणि पैसे स्वीकारताना गुप्त क्रमांक घालावा लागत नाही, ही दोन वाक्ये व १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. फसलेल्या माणसाची चेष्टा होणार नाही असे वातावरण ठेवावे. तो बोलला तर दहा घरे वाचतात. बांधकामाच्या वा विहिरीच्या खोदाईत काही सापडल्याचे कानावर आल्यास पोलीस पाटील व ग्रामपंचायत अधिकारी यांनी संबंधितांस धाक न दाखविता कायद्यातील त्याचा हक्क समजावून सांगावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे सूचना देण्यास साहाय्य करावे. शासकीय अधिकाऱ्यांनी, विशेषतः पोलीस ठाण्यातील अंमलदारांनी, 'एका नाण्यासाठी काय तक्रार' असे म्हणून माणसाला परत पाठवू नये. त्या एका तक्रारीतील बँक खाते किंवा दूरध्वनी क्रमांक इतर ठिकाणच्या तक्रारींशी जुळतो, तेव्हाच टोळीचा माग लागतो.

नाणेसंग्राहकांच्या मंडळांनीही आपली जबाबदारी ओळखावी. संशयास्पद नोंद दिसताच ती संकेतस्थळाला कळविणे, तक्रारीची प्रत जपणे, आणि नवशिक्या पण प्रामाणिक विक्रेत्यावर घाईने लबाडीचा शिक्का न मारणे, ही तिन्ही कामे सारख्याच महत्त्वाची आहेत. अज्ञानाने चुकीचे वर्णन करणारा आणि जाणूनबुजून फसविणारा यांत फरक आहे. पहिल्याला चूक दाखविली की तो ती सुधारतो. दुसरा नोंद काढून नव्या नावाने परत येतो.

नाणे हे विश्वासाचे प्रतीक आहे. धातूच्या लहानशा चकतीवर राजाचे किंवा राज्याचे नाव उमटते आणि अनोळखी माणसे तिच्या भरवशावर परस्परांशी व्यवहार करतात. नाणे चलनातून गेले तरी त्यावरील अक्षरे आपल्या पूर्वजांची साक्ष देत राहतात. ती साक्ष खोटी ठरू नये आणि तिच्या नावाने कोणा गरिबाचे घर लुबाडले जाऊ नये, यासाठी कायदा आहे, पोलीस आहेत, तक्रारीची साधने आहेत. गावचा पोतदार आता नाही. परंतु त्याचे काम संपलेले नाही. ते शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय सेवक यांनी वाटून घेतले, तर आपल्या गावापुरता तरी हा बाजार खणखणीत राहील.